होली आयलंडचा कॉजवे आणि अलिबागचं गणित: एका कुटुंबाचं प्रकरण

होली आयलंड या बेटावरून परत येताना भरतीच्या पाण्यात अडकलेल्या, उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण आहे. नावं, गाव, गाडीचा मेक वगैरे मुद्दाम देत नाहीये, त्यांची तीच अट होती. घरातल्या सगळ्यांशी वेगवेगळं बोलून हे लिहिलंय कारण प्रत्येकाला त्या दुपारची वेगळी गोष्ट आठवते. आपल्या मराठी मंडळातले बरेच जण उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन तिकडे जातात, आणि भारतातून आलेले आईवडील सोबत असतात, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

जागा कशी आहे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्कॉटलंडची हद्द जवळ येते तिथे, नॉर्थंबरलंडमध्ये लिंडिसफार्न नावाचं बेट आहे, लोक होली आयलंडच म्हणतात. सन 635 मध्ये सेंट एडन या साधूने तिथे मठ काढला, 793 मध्ये व्हायकिंग लोकांनी तो लुटला, ती धाड इंग्लंडच्या इतिहासात फार गाजलेली आहे. आज बेटावर जेमतेम दीडेकशे माणसं राहतात, एक छोटा किल्ला, मठाचे अवशेष, दोन-चार खाण्यापिण्याच्या जागा, आणि बाकी वाळू, पक्षी, वारा.

मुख्य भूमीवरच्या बील गावातून बेटावर जायला 1954 मध्ये डांबरी रस्ता झाला, तोच हा कॉजवे. त्याआधी लोक ओहोटीला वाळूतूनच जायचे, आणि वाळूतली ती जुनी वाट खांब रोवून दाखवलेली आजही आहे, यात्रेकरू अनवाणी चालत जातात. रस्ता झाला तरी तो उंच भरावावर नाहीये. वाळूच्या जवळपास पातळीवरच पसरलाय, त्यामुळे दिवसातून दोनदा समुद्र त्याच्यावरून जातो आणि दर वेळी साधारण पाच तास बेट तुटतं. आपल्या डोक्यात कॉजवे म्हटलं की एक तर माहीमचा येतो, 1845 चा, भरती आली तरी रस्ता कोरडा, नाहीतर पावसाळ्यात नदीखाली जाणारा गावाकडचा कॉजवे येतो, जिथे दोरी बांधलेली असते आणि पोलीस किंवा गावातली पोरं गाडी अडवतात. होली आयलंडला यातलं काहीच नाही. दोन्ही टोकांना वेळापत्रकाचा बोर्ड आहे, पाण्यात बुडालेल्या गाडीचा फोटो लावलेला इशारा आहे, आणि पुढे रस्ता मोकळा. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. बेटावरून परत निघालं की आधी बराच वेळ रस्ता वाळूच्या टेकाडांच्या कडेने जातो, त्या भागाला स्नूक म्हणतात, आणि तो कोरडा दिसतो. सगळ्यात सखल तुकडा शेवटी येतो, मुख्य भूमीच्या अगदी जवळ, जिथे एका ओहोळावर छोटा पूल आहे. त्या पुलाजवळच खांबांवर उभी केलेली पांढरी लाकडी खोली आहे, वर चढायला पायऱ्या, अडकलेल्यांसाठी. म्हणजे बेटावरून येणाऱ्या माणसाला पाणी दिसतं तेव्हा पलीकडचा किनारा अगदी समोर असतो. "एवढंच तर राहिलंय" असं वाटायला लावणारी जागा आहे ती.

माणसं आणि बेत

आजोबा, वय सत्तरच्या पुढे, मूळचे अलिबागजवळचे, आयुष्य समुद्राकाठी गेलेलं. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, आणि आठ वर्षांचा नातू. आजोबा पहिल्यांदाच इंग्लंडला आलेले. ऑगस्टमधला रविवार, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. सकाळी निघून बेट बघायचं, दुपारी परत मुख्य भूमीवर, आणि संध्याकाळपर्यंत घरी, सोमवारी ऑफिस. बेत साधा होता.

जाताना बीलच्या बाजूला थांबून त्यांनी बोर्ड नीट वाचला. त्या दिवशी परत येण्याची सुरक्षित वेळ होती दुपारी 2 वाजून 10 मिनिटांपर्यंत, त्यानंतर थेट संध्याकाळी साडेसातनंतर. सुनेने फोटोही काढला. म्हणजे माहिती नव्हती असं अजिबात नाही, हे लक्षात घ्या. अडकलेल्या लोकांबद्दल आपण पटकन म्हणतो की वाचलं नसेल, बघितलं नसेल. यांनी वाचलं होतं, फोटो होता, आणि तरीही अडकले, म्हणून मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं.

अडचण कुठे सुरू झाली

जेवणाला रांग होती, ऑर्डर यायला उशीर झाला, दीड वाजून गेला तरी किल्ला बघायचा राहिलेला आणि नातू किल्ल्यासाठीच आलेला. सून म्हणाली, "किल्ला राहू दे, निघूया आता, दोन दहाची वेळ आहे." मुलाने बाबांकडे बघितलं.

आजोबांनी बोटांवर हिशोब केला. कोकणात ज्याचं आयुष्य गेलंय त्याला हा हिशोब शिकवावा लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती पूर्ण. ते खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, "अरे आत्ता दीड वाजलाय, म्हणजे भरती आत्ता भरलेली आहे, आणि समोर तर सगळी वाळूच दिसतेय. याच्या वर पाणी कशाला येईल? इथून पुढं ओहोटीच. कुलाबा किल्ल्यात आम्ही असेच जायचो की."

हे वाक्य नीट बघा. प्रत्येक पायरी बरोबर आहे, अलिबागला बसून. अलिबागला द्वितीयेला दीडच्या आसपास खरंच भरती असते. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं आणि तिथले लोक याच गणितावर जातात. आणि भरती भरलेली असताना जर वाळू उघडी असेल तर पाणी अजून चढणार नाही हा निष्कर्षही तर्काला धरूनच आहे. फक्त ते गणित अरबी समुद्राच्या त्या किनाऱ्याचं आहे.

भरतीची लाट चंद्राच्या मागोमाग सरळ येत नाही, तिला जमिनीला वळसा घालून, उथळ समुद्रातून वाट काढत यावं लागतं, म्हणून चंद्र डोक्यावरून गेल्यावर किती वेळाने भरती भरते हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. इंग्लंडच्या या किनाऱ्यावर ती लाट अटलांटिकमधून स्कॉटलंडला वरून वळसा घालून नॉर्थ सी मध्ये शिरते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली दक्षिणेकडे सरकते. वर उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, तिथीला ते काय माहीत. त्या दिवशी होली आयलंडची भरती भरणार होती पावणेपाचच्या सुमारास. म्हणजे आजोबांच्या हिशोबाने समुद्र मागे फिरायच्या बेतात होता आणि खरं तर तो अर्ध्या वाटेवर होता, चढत होता, तेही पौर्णिमेनंतरचं उधाण.

आणि भरतीच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. सुरुवातीला हळू, शेवटी हळू, आणि मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढून जातं. सपाट वाळूवर त्याचा अर्थ असा की एका क्षणी लांबवर चकाकणारी रेघ असते आणि थोड्या वेळाने ती पायाशी असते.

त्या वेळी कोणते पर्याय होते

पहिला, दीड वाजता किल्ला सोडून निघायचं. आरामात पोचले असते.

दुसरा, बेटावरच थांबायचं, साडेसातनंतर निघायचं. किल्ला, मठ, समुद्रकिनारा, सगळं निवांत झालं असतं. घरी पोचायला रात्र झाली असती, पोराची झोप, सोमवारचं ऑफिस. मुलगा म्हणतो हा पर्याय त्याच्या डोक्यात पर्याय म्हणून आलाच नाही, "अडकणे" म्हणून आला. जेवणाच्या ठिकाणी वाढणाऱ्या मुलीने त्यांना विचारलंही होतं की तुम्ही भरतीभर थांबणार आहात का, म्हणजे तिथल्या लोकांना ते किती सहज आहे बघा.

तिसरा, किल्ला बघून थोडं उशिरा निघायचं, वेळापत्रक करणाऱ्यांनी त्यात थोडी मार्जिन ठेवलेली असेलच असं धरून. यांनी हा निवडला. मार्जिन असते हे खरं, पण ती वाऱ्यासाठी आणि हवेच्या दाबासाठी असते, वारा समुद्राकडून जोरात असेल किंवा दाब कमी असेल तर पाणी अंदाजापेक्षा लवकर आणि जास्त येतं. ती पर्यटकाच्या जेवणाच्या रांगेसाठी ठेवलेली नसते.

इथे माझं स्पष्ट मत आहे की चूक एकट्या आजोबांवर टाकणं अन्याय आहे. त्यांनी आपलं ज्ञान प्रामाणिकपणे दिलं. सुनेकडे छापील वेळ होती, आणि तिने ती एकदा सांगितली, पण सासऱ्यांनी समुद्राबद्दल काही म्हटल्यावर पुन्हा बोलणं तिला बरोबर वाटलं नाही. मुलाला दोन्ही ऐकू आलं. त्याने फोनवर मॅप उघडला, मॅपने मोकळा रस्ता दाखवला, काही मिनिटांत मुख्य भूमी, आणि त्याने बाबांच्या बाजूने निकाल दिला. मॅपला रस्ता दिसतो, त्याच्यावरचं पाणी दिसेलच याचा भरवसा नाही. निर्णय त्याचा होता, गाडी तो चालवत होता.

रस्त्यावर

किल्ला बघून गाडीत बसायला तीन वाजत आले. वेळ संपून पाऊण तास झालेला. स्नूकच्या कडेचा रस्ता कोरडा होता आणि गाडीत सगळे निर्धास्त झाले, आजोबा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" पुढे वळणानंतर डांबर ओलं दिसायला लागलं, मग कडेची वाळू दिसेनाशी झाली, आणि पुलाच्या अलीकडे रस्ता पाण्यात गेला. समोर किनारा, त्याच्यावर पार्क केलेल्या गाड्यासुद्धा दिसत होत्या. पाण्याखालून डांबर दिसत होतं म्हणून खोली वीतभरच वाटली.

इथे गाडी थांबली. हा दुसरा मोठा निर्णय, आणि पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण अजूनही सगळं वाचवता येत होतं. मागे वळून स्नूकच्या उंचवट्यावर गाडी नेऊन थांबता आलं असतं. सून म्हणाली मागे घे. आणि तेवढ्यात मागून एक मोठी उंच जीप आली, त्यांना ओलांडून पाण्यात शिरली, पाणी उडवत पलीकडे निघून गेली.

मुलाने गाडी पुढे घातली.

आजोबांनी मला सांगितलं की गाडी पाण्यात गेल्यावर त्यांना पहिल्यांदा पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते दिसलं. रस्त्यावरून आडवं, जोरात, आणि त्यात फेसाच्या रेघा आणि शेवाळाचे तुकडे, सगळे आतल्या बाजूला जाणारे. ओहोटीचं पाणी बाहेर जातं. "तेव्हा कळलं की भरती आहे. गाडीतून उतरून नुसतं पाच मिनिटं बघितलं असतं तरी कळलं असतं, मी बघितलंच नाही, हिशोबावर बसून राहिलो." ते ज्या तऱ्हेने हे सांगत होते त्यावरून त्यांना गाडीपेक्षा याची खंत जास्त आहे हे समजत होतं.

पुलाच्या थोडं अलीकडे गाडी बंद पडली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं, पायाखालची रबरी मॅट तरंगायला लागली, वायपर आपोआप सुरू झाले आणि थांबेनात. काचा खाली जाईनात. दार अजून उघडत होतं, ते पाण्याच्या दाबाला ढकलून उघडावं लागलं.

मग त्यांनी काय केलं

इथून पुढे त्यांनी जवळपास सगळं बरोबर केलं, आणि त्याचं श्रेय सुनेला. तिने सामान, बॅग, काहीही घेऊ दिलं नाही, फक्त फोन. नातवाला मुलाने खांद्यावर घेतलं, आजोबांचा हात तिने धरला, आणि गुडघ्याच्या वर पाण्यातून ते त्या पांढऱ्या खोलीच्या पायऱ्यांपर्यंत आले. समोर किनारा जवळ होता, मुलाला वाटत होतं तसंच चालत पलीकडे जाऊ. तिने ठाम नाही म्हटलं. पुलाखालून ओहोळ जातो, तिथे पाणी खोल असतं आणि ओढ असते, आणि रस्त्याची कड आता दिसत नव्हती. पाय घसरला असता तर आजोबा गेले असते, यात मला तरी शंका नाही.

खोलीत चढून तिने 999, म्हणजे इथला आपत्कालीन नंबर, लावला आणि कोस्टगार्ड मागितलं. चौघं आहेत, एक वयस्कर, एक लहान, खोलीत सुरक्षित आहोत, कोणी पाण्यात नाही, एवढं स्वच्छ सांगितलं. पलीकडून त्यांना सांगितलं गेलं की तिथेच थांबा, खाली उतरू नका. पाऊण तासाच्या आसपास सीहाऊसेस या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूने लाइफबोट, म्हणजे बचावाची बोट, आली. तोवर खिडकीतून गाडीचं छत तेवढं दिसत होतं.

लाइफबोटवरचे लोक आरएनएलआय या संस्थेचे, म्हणजे बहुतेक स्वयंसेवक, आपापली कामं सोडून आलेले, आणि ती संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. त्यांनी एकही शब्द सुनावला नाही. आजोबांना थंडी भरली होती, त्यांना आधी उतरवून घेतलं, ब्लँकेट दिलं. पैसे कोणी मागितले नाहीत, सुटकेचं बिल येत नाही. कुटुंबाने नंतर देणगी दिली आणि आता दर महिन्याला थोडी देतात.

परिणाम

माणसं चौघंही ठीक. गाडी गेली. खारं पाणी वायरिंगमध्ये आणि सीटखाली शिरलं की गाडी बाहेरून कितीही चांगली दिसो, ती दुरुस्त करण्यात अर्थ उरत नाही. इन्शुरन्स कंपनीने बरेच प्रश्न विचारले, सुरक्षित वेळ माहीत होती का, बोर्ड बघितला होता का, आणि यांच्याकडे तर बोर्डाचा वेळेसकट फोटोच होता. खूप पत्रव्यवहार झाला, शेवटी पैसे आले पण पूर्ण नाहीत.

घरातला परिणाम जास्त खोल होता. नातू बरेच दिवस गाडी पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेली की रडायचा. आजोबा उरलेल्या मुक्कामात समुद्राचा विषय काढेनात, आणि मुलगा-सून यांच्यात "मी सांगितलं होतं" या एका वाक्यावरून जे व्हायचं ते झालं. आता ते निवळलंय. मोकळेपणाने बोलतात, म्हणूनच हे लिहिता आलं.

बॅरिअर का नाही लावत

हा प्रश्न मुलाने मला दोन-तीनदा विचारला, आणि तिथेही तो अनेकदा चर्चेत आलेला आहे, कारण गाड्या अडकतच राहतात. रेल्वे फाटकासारखा आडवा दांडा, वेळ संपली की खाली. ऐकायला सोपं. पण बेटावरचे लोक म्हणतात, आम्ही रोज ये-जा करतो, वारा-पाणी बघून आम्हाला कळतं, आणि दांडा खाली आल्यावर जो आधीच मधे आहे त्याचं काय, तो पाण्यात फाटकाशी अडकेल. रस्ता उंच करायचा म्हटलं तर ती सगळी वाळू आणि चिखल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात येतात, हिवाळ्यात आर्क्टिकमधून बदकं-हंस येतात, आणि पाण्याची वाट भराव घालून अडवली की वाळू भलतीकडे साचायला लागते. मला स्थानिकांचं म्हणणं पटतं. मुलाला नाही पटत, आणि त्याच्या जागी असतो तर मलाही कदाचित पटलं नसतं. पण त्या दिवशी दांडा नसतानाही त्यांना थांबवणाऱ्या गोष्टी होत्या: बोर्ड, फोटो, वाढणाऱ्या मुलीचा प्रश्न, सुनेचं सांगणं.

वेगळं काय करता आलं असतं

कुटुंबाशी बोलून आणि मंडळात चर्चा करून जे निघालं ते असं. परत निघायची वेळ बेटावर पाय ठेवायच्या आधी ठरवायची, आणि ती छापील वेळेच्या किमान एक तास आधीची ठेवायची. ती ठरली की बेटावर तिच्यावर चर्चा नाही, जेवण अर्धं असलं तरी. चुकली, तर प्रश्न "जाऊ शकतो का" हा नसून "पाच-सहा तास इथे कसे घालवू" हा आहे, म्हणून औषधं, मुलांचा खाऊ, गरम कपडे सोबत घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम असेल तर असा दिवस निवडायचाच नाही, दुसरा रविवार बघायचा.

पाणी रस्त्यावर दिसलं की गाडी मागे. पुढची गाडी गेली याला काही अर्थ नाही, तिची उंची वेगळी, आणि ती गेली तेव्हापासून पाणी अजून चढलंय.

आजोबांच्या हिशोबाबद्दल मंडळात एक-दोघं म्हणाले की अशा जुन्या गोष्टी सोडून द्याव्यात. मला हे मान्य नाही. तिथीवरून उधाण कधी हे इथेही बरोबर कळतं, अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात वर येतं, आणि ते कळलं तर तो दिवस टाळता येतो. बदलते ती घड्याळातली वेळ, ती त्या त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्यायची. आजोबांनाही हे पटलं, उलट त्यांनीच मला विचारलं की इथे द्वितीयेला पावणेपाच, मग अष्टमीला किती येते ते बघून सांग.

मंडळाच्या सहलीच्या मेसेजमध्ये आता परत निघायची वेळ सगळ्यात वर असते, आणि खाली एका माणसाचं नाव, ज्याने "चला" म्हटलं की सगळ्यांनी उठायचं, मग समोर कोणीही वडीलधारं असो. या ऑगस्टच्या सहलीला ते काम सुनेनेच मागून घेतलंय.